सहकाऱ्यांचा हिरवा ठिपका दिसल्याने कामात नक्की काय फरक पडतो?

प्रश्न: तिसरी_पाळी

३४ जणांची टीम आहे. निम्मे ऑफिसात, निम्मे घरून, आणि सहा जण साडेचार तास मागे असलेल्या टाइमझोनमध्ये. बहुतेकांचं चॅट टीम्सवर आहे, एक विभाग स्लॅकवर आहे, आणि रिसेप्शनला आयपी फोन आहेत. आतापर्यंत नावाशेजारच्या ठिपक्याकडे, म्हणजे माणूस मोकळा आहे की नाही ते दाखवणाऱ्या स्टेटसकडे, कोणी लक्ष देत नव्हतं. आता वरून सूचना आली आहे की सगळ्यांनी स्टेटस नीट ठेवायचं, म्हणजे संवाद सुधारेल. विचारायचं आहे ते असं:

१. खरंच सुधारतो का, आणि सुधारत असेल तर नेमका कुठे?
२. माणूस जागेवर असताना पिवळा दिसतो आणि मीटिंग संपली तरी लाल राहतो. हे का होतं?
३. रिसेप्शनवरून कॉल जोडताना याचा उपयोग होतो का?
४. हा हजेरीपट होऊ नये म्हणून काय करावं?

सर्वसाधारण सल्ला नको, सेटिंगपर्यंतची माहिती असेल तर फार बरं.

---

प्रतिसाद: ठिपकेदार

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे.

ठिपका माणसाबद्दल काहीच सांगत नाही. तो यंत्राबद्दल सांगतो: कीबोर्ड-माउस शेवटचा कधी हलला, कॉल चालू आहे का, कॅलेंडरात या घटकेला काय लिहिलंय. त्यातून 'हा माणूस आत्ता उत्तर देईल का' याचा अंदाज आपण बांधायचा असतो. एवढं ध्यानात ठेवलं तर त्याचा एक फायदा अगदी ठोस आहे: निरोप कोणत्या वाटेने पाठवायचा ते आधी ठरवता येतं. समोरचा कॉलवर असेल तर फोन लावून उपयोग नाही, लिहून ठेवा. हिरवा असेल आणि विषय गुंतागुंतीचा असेल तर दहा ओळी टाइप करत बसण्यापेक्षा तीन मिनिटं बोला. रजेवर असेल तर उत्तराची वाट पाहत अर्धा दिवस घालवू नका, त्याच्या जागी कोण आहे ते शोधा. वेळ वाचतो तो मुख्यतः या तिसऱ्या प्रकारात.

आता पिवळ्याचं कोडं. टीम्सच्या डेस्कटॉप ॲपमध्ये यंत्र लॉक केलं, झोपवलं किंवा साधारण ५ मिनिटं हात लागला नाही की 'अवे' (जागेवर नाही, म्हणजे पिवळा) होतं. फोनवर टीम्स मागे गेलं, म्हणजे दुसरं ॲप उघडलं, तरी अवे. स्लॅकमध्ये डेस्कटॉपवर ही मुदत १० मिनिटांची आहे. मोबाइलवर ॲप बंद केलं, बदललं किंवा स्क्रीन लॉक झाली की लगेच. त्यामुळे एकच माणूस टीम्सवर पिवळा आणि स्लॅकवर हिरवा दिसणं अगदी नेहमीचं आहे. कागदावर आकृती काढणारा, छापील करार वाचणारा, शेजारच्या टेबलावर उभा राहून नव्या मुलाला समजावणारा, हे सगळे पिवळे. कामच करताहेत.

रिमोट डेस्कटॉप वापरणाऱ्यांकडे आणखी एक गंमत होते. टीम्स दूरच्या मशीनवर चालू आणि माणूस आपल्या लॅपटॉपवरच्या एक्सेलमध्ये रमलेला. दूरच्या मशीनला कुणाचा हात लागत नाही, म्हणून ते त्याला अवे ठरवतं. उपाय एकच, टीम्स जिथे बसून काम करता त्या मशीनवर ठेवा.

लालाचे दोन प्रकार आहेत आणि सगळा गोंधळ तिथे होतो. टीम्समधलं नुसतं 'बिझी', म्हणजे भरीव लाल, हे नोटिफिकेशन थांबवत नाही! मेसेज आला की पडद्याच्या कोपऱ्यात पाटी उगवतेच. थांबवतं ते 'डू नॉट डिस्टर्ब' (डीएनडी), ज्याच्या लाल गोलात आडवी रेघ असते. पाठवणाऱ्याला वाटतं, लाल आहे म्हणजे त्याला आवाज जाणार नाही, टाकून ठेवू. आणि समोरच्याच्या ऐन प्रेझेंटेशनच्या तयारीत टुंग-टुंग चालू. एकाग्रतेचं काम असेल तर रेघवालं लालच लावा. ते लावल्यावरही ज्यांचा निरोप पोचायलाच हवा अशा दोन-तीन नावांना सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी विभागात प्रायॉरिटी ॲक्सेस देता येतो. दोन-तीन म्हणतोय. वीस नावं भरली की डीएनडीला अर्थ राहत नाही.

मीटिंग संपूनही लाल राहण्याची कारणं दोन. मीटिंग ३० मिनिटांत आटोपली, पण कॅलेंडरात ६० मिनिटं अडवलेली आहेत; तो तास भरेपर्यंत कॅलेंडर 'इन अ मीटिंग'च म्हणत राहतं. दुसरं कारण म्हणजे कुणी हाताने बिझी लावलं आणि विसरलं. हाताने लावलेलं बिझी किंवा डीएनडी मुदत न दिल्यास १ दिवस टिकतं, बाकीची स्टेटस ७ दिवस. म्हणून हाताने स्टेटस लावताना 'ड्युरेशन' निवडायची सवय लावा: ३० मिनिटं, १ तास, २ तास, जे असेल ते. आणि विसरला असाल तर 'रीसेट स्टेटस' दाबा, म्हणजे कारभार पुन्हा यंत्राच्या हाती जातो.

रंग नीट ओळखू न येणारी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात, तेव्हा नियम लिहिताना 'लाल-हिरवा' एवढंच लिहू नका. टीम्सच्या चिन्हांत आकारही आहेत: बरोबरची खूण म्हणजे उपलब्ध, घड्याळ म्हणजे अवे, आडवी रेघ म्हणजे डीएनडी, बाण म्हणजे आउट ऑफ ऑफिस.

---

प्रतिसाद: दोरीचा_फोन

तिसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो. रिसेप्शनच्या आयपी फोनवर हेच काम बीएलएफ, म्हणजे बिझी लॅम्प फील्ड करतं. फोनशेजारी बटणांची पट्टी असते, एकेका बटणाला एकेक एक्स्टेंशन बांधलेलं असतं. बहुतेक फोनवर दिवा हिरवा म्हणजे लाइन मोकळी, लुकलुकतो म्हणजे घंटी वाजतेय, स्थिर लाल म्हणजे बोलणं चालू.

आतला व्यवहार असा: फोन सर्व्हरला एसआयपीची (आयपी फोन ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्यांची) सबस्क्राइब विनंती पाठवतो, म्हणजे 'अमुक एक्स्टेंशनची खबर मला देत जा'. अवस्था बदलली की सर्व्हर नोटिफाय पाठवतो. ही वर्गणी (सबस्क्रिप्शन) मुदतीची असते, बऱ्याच ठिकाणी ३६०० सेकंद ठेवलेली. आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं. मधेच सर्व्हर रीस्टार्ट झाला किंवा राउटरने ती वाट विसरून टाकली तर दिवा तासभर जुन्याच रंगात अडकतो. तक्रार येते, 'दिवा लाल आहे पण माणूस तर मोकळा बसलाय.' मुदत ३०० ते ६०० सेकंदांवर आणा, नव्वद टक्के कटकट तिथेच मिटते. याची किंमत म्हणजे सर्व्हरवरचा भार. १० फोनांवर प्रत्येकी ३० बटणं असतील तर ३०० वर्गण्या होतात, आणि मुदत जितकी आखूड तितकं नूतनीकरण जास्त.

हा भार कमी करायला काही यंत्रणा सगळ्या बटणांची एकच यादी करून एकच वर्गणी घेतात. चांगली सोय आहे, पण तिचं नोटिफाय लांबलचक असतं. यूडीपीवर (पोच न घेता पाठवायची पद्धत) ते १५०० बाइटांच्या पुढे गेलं की तुकडे होतात, एक तुकडा वाटेत हरवला की पूर्ण पट्टी मुकी. यादी वापरणार असाल तर टीसीपी (हरवलेलं पुन्हा पाठवणारी पद्धत) लावा.

मर्यादा मात्र लक्षात असू द्या: बीएलएफचा हिरवा म्हणजे रिसीव्हर जागेवर आहे, इतकंच. माणूस खुर्चीत आहे की नाही ते त्याला कळत नाही. तोच माणूस त्या वेळी लॅपटॉपवर टीम्स कॉलमध्ये असेल तरी फोनचा दिवा हिरवाच, कारण दोन यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत. रिसेप्शनला दोन्ही दिसायला हवं. पट्टी समोर आणि टीम्स बाजूच्या स्क्रीनवर, एवढं साधं पुरतं. आणि कॉल जोडताना आधी विचारून जोडायचा, म्हणजे पलीकडच्याने उचललं, नाव सांगितलं, मग सोडायचा. हिरवा दिसला म्हणून आंधळेपणाने ढकललेला कॉल वाजून वाजून परत रिसेप्शनलाच येतो, आणि तोवर ग्राहकाचा पारा चढलेला.

दोन्ही यंत्रणा जोडायच्या असतील तर मायक्रोसॉफ्टच्या ग्राफ एपीआयमधून (बाहेरच्या यंत्रणांनी टीम्सशी बोलायची वाट) पीबीएक्स, म्हणजे ऑफिसचं फोन एक्स्चेंज, स्वतः 'कॉलवर आहे' असं टीम्सला कळवू शकतं. तिथे मुदत देता येते, ५ मिनिटांपासून ४ तासांपर्यंत. आळस करून ४ तास टाकू नका. फोन ठेवल्याची खबर एकदा हुकली की तो माणूस दुपारभर कॉलवर दिसतो. ५ ते १० मिनिटं ठेवा आणि कॉल चालू असेपर्यंत नूतनीकरण करत राहा.

---

प्रतिसाद: उंटावरून

वरची तांत्रिक माहिती उत्तम आहे, पण मूळ प्रश्नातल्या एका वाक्यावर अडलो: 'वरून सूचना आली आहे की सगळ्यांनी स्टेटस नीट ठेवायचं.' हे वाक्य खाली पोचेपर्यंत त्याचा अर्थ 'सगळ्यांनी हिरवं दिसायचं' असा होतो. ज्या दिवशी तसं होईल त्या दिवशी ठिपका खोटं बोलायला लागेल. माउस आपोआप हलवणारी छोटी चकती मिळते. ती ऑप्टिकल माउसखाली ठेवली की सेन्सरला हालचाल दिसते, आणि संगणकाच्या दृष्टीने तो हलणारा खराखुरा माउसच असतो. मग जेवायला गेलेला माणूसही हिरवा. तुम्ही त्याला पिंग करता (छोटा मेसेज टाकता), तो उत्तर देत नाही, तुम्ही थांबून राहता. म्हणजे ज्या कामासाठी ठिपका होता तेच काम गेलं. त्यावर उपाय म्हणून आणखी कडक निगराणी आणणं म्हणजे जखम मांडीला, मलम शेंडीला.

म्हणून चौथ्या प्रश्नाचं उत्तर लेखी आणि रोखठोक हवं: हिरव्या वेळेचा अहवाल कोणीही काढणार नाही, कामाच्या मूल्यमापनात तो येणार नाही, आणि 'तू अकरा वाजता पिवळा का होतास' हा प्रश्न कोणी विचारणार नाही. हे व्यवस्थापकांनी आपल्या सहीने सांगावं, आणि सर्वात आधी त्यांनी स्वतःचं स्टेटस खरं ठेवावं. साहेब दिवसभर 'अपिअर ऑफलाइन' राहून इतरांचे ठिपके मोजत बसले तर खेळ तिथेच संपला.

मोजायचंच असेल तर दुसरं मोजा. नियम लागू करण्याआधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे: न उचललेले अंतर्गत कॉल किती, तिकिटावर (नोंदवलेल्या तक्रारीवर) पहिलं उत्तर यायला किती वेळ लागला, 'फक्त पाच मिनिटं' म्हणून ठेवलेल्या मीटिंगा किती. हे आकडे फोनच्या आणि तिकिटांच्या नोंदींत असतातच, त्यासाठी कुणाच्या माउसवर पाळत ठेवावी लागत नाही.

माझं मत विचाराल तर ज्या टीमला टाइमझोनचा फरक आहे तिने ठिपक्यावर फार विसंबू नये. साडेचार तास मागे असलेल्या सहा जणांचा आणि तुमचा दिवस जेमतेम निम्मा एकमेकांवर येतो. उरलेल्या वेळात ठिपका करडाच (ऑफलाइन) असणार. तिथे कामी येतो तो पूर्ण लिहिलेला निरोप.

---

प्रतिसाद: ठिपकेदार

@उंटावरून, निगराणीबद्दल शंभर टक्के सहमत. शेवटच्या मुद्द्याशी अर्धाच. टाइमझोनवाल्यांना ठिपका कमी उपयोगी आहे हे खरं, पण त्यांच्यासाठी स्टेटसची दुसरी बाजू आहे, लिहिलेला मजकूर. टीम्समध्ये स्टेटस मेसेजला २८० अक्षरं मिळतात, स्लॅकमध्ये १००. त्यात 'कामात आहे' लिहिणं म्हणजे जागा वाया घालवणं. तीन गोष्टी लिहा: कधी परत, तोवर कोणाला विचारायचं, आणि अगदीच तातडीचं असेल तर काय करायचं. उदाहरणार्थ: 'आज २ ते ५ ऑडिटमध्ये. बिलांबाबत अकाउंट्स चॅनेलवर लिहा. सर्व्हर बंद पडला तर फोन करा.' टीम्समध्ये 'लोक मला मेसेज करतील तेव्हा दाखवा' ही खूण केली की समोरचा टाइप करायला लागताच हे त्याला चौकटीवर दिसतं. आणि खाली मजकूर कधी पुसायचा ती वेळ निवडा. मागच्या महिन्यातलं 'आज ऑडिटमध्ये' अजून लटकलेलं दिसलं की लोक सगळ्यांचेच मेसेज वाचणं सोडून देतात.

प्रोफाइलवर कामाचे तास आणि टाइमझोन भरलेले असतील तर समोरच्याची स्थानिक वेळही कळते. ते सहा जण झोपलेले असताना निरोप सुचला तर लिहून ठेवा आणि त्यांच्या सकाळी जाईल असा शेड्यूल करा. टीम्स आणि स्लॅक दोन्हींत पाठवायच्या बटणाजवळच ही सोय आहे.

'आहात का?' या पिंगबद्दलही नियमात एक ओळ हवी. हिरवा दिसला की 'हाय' टाकायचं, आणि 'बोला' येईपर्यंत गप्प बसायचं, हा प्रकार बंद. पहिल्याच निरोपात काय हवंय, कधीपर्यंत हवंय आणि उत्तर नाही आलं तर मी काय गृहीत धरेन, हे तिन्ही. 'मार्चच्या अहवालातला तक्ता ४ जुन्या दरांनी केलाय का? ग्राहकाला ४ वाजता पाठवायचाय. साडेतीनपर्यंत तुमचं काही आलं नाही तर नवे दर लावून पाठवतो.' असं लिहिलं की समोरचा हिरवा आहे की पिवळा याने फारसा फरकच पडत नाही.

स्लॅकच्या विभागासाठी एक सूचना. तिथे @हिअर आणि @चॅनेल यांतला फरक ठिपक्यावरच चालतो. @हिअर फक्त त्या क्षणी सक्रिय असलेल्यांना जातं, @चॅनेल सगळ्यांना, अवे असलेल्यांनाही. जेवणाच्या सुट्टीत अर्धी टीम अवे असताना यंत्रणा बंद पडली आणि कोणी @हिअर टाकलं तर निम्म्यांना नोटिफिकेशनच जाणार नाही. उलट किरकोळ प्रश्नाला @चॅनेल टाकलं तर उगाच सगळे दचकतात. तातडीसाठी या दोन्हींवर भिस्त नको; त्या दिवशी ड्यूटीवर कोण आहे त्याचं वेळापत्रक चॅनेलच्या वर डकवलेलं असावं, नाव आणि फोनसकट. आणीबाणीत ठिपके शोधत बसायला वेळ नसतो.

---

प्रतिसाद: रकाना_भरा

नियम छोटे ठेवा, एका पानाच्या आत. हे चालण्यासारखं आहे, हवं तसं बदला:

उपलब्ध: मेसेज करा. फोन करायचा असेल तर आधी एका ओळीत विचारा. उत्तर तासाभरात अपेक्षित, तत्काळ नाही.
बिझी किंवा मीटिंगमध्ये: पूर्ण निरोप लिहून सोडा, फोन नको.
डीएनडी: ग्राहकाचं काम ठप्प झालं असेल तरच फोन, तोही ड्यूटीवरच्या माणसाला आधी लावून मग.
अवे: यावरून काहीही अर्थ काढायचा नाही.
आउट ऑफ ऑफिस: स्टेटस मेसेजमध्ये दिलेल्या माणसाकडे जा.

चौथी ओळ सर्वात महत्त्वाची आहे, ती ठळक अक्षरांत छापा.

---

तिसरी_पाळी

सगळ्यांचे आभार. बीएलएफची मुदत पाहिली, ३६०० च आहे. उद्या कमी करून घेतो.

एक उपप्रश्न. इथे कोणी रजा टाकली की सगळ्या टीमला आउटलुकचं दिवसभराचं आमंत्रण पाठवायची पद्धत आहे, म्हणजे सर्वांच्या कॅलेंडरात दिसावं. त्या दिवशी मात्र पाच-सहा जण ऑफिसात बसलेले असूनही टीम्सवर जांभळ्या बाणाने रजेवर दिसतात. हे त्यामुळेच होतं का?

---

प्रतिसाद: रकाना_भरा

हो, त्यामुळेच. आमंत्रणात 'शो ॲज' हा रकाना असतो: फ्री, वर्किंग एल्सव्हेअर, टेंटेटिव्ह, बिझी, आउट ऑफ ऑफिस. रजेवर जाणारा तिथे आउट ऑफ ऑफिस निवडतो आणि तेच सर्वांना पाठवतो. ज्यांनी स्वीकारलं त्यांच्या कॅलेंडरातही ती नोंद आउट ऑफ ऑफिस म्हणूनच बसते, आणि टीम्स ती वाचून त्यांनाही रजेवर पाठवून देतं.

दोन वेगळ्या नोंदी करा. पहिली फक्त स्वतःच्या कॅलेंडरात: दिवसभर, आउट ऑफ ऑफिस, कोणालाही आमंत्रण नाही. दुसरी टीमला पाठवायची: दिवसभर, 'शो ॲज' फ्री, रिमाइंडर नाही, आणि रिस्पॉन्स ऑप्शन्समधून उत्तर मागणं बंद, नाहीतर ३३ जणांच्या स्वीकृतीचे मेल येत राहतील. फ्री असलेली नोंद स्टेटसला हात लावत नाही.

आधी पाठवलेल्या नोंदींचं काय करायचं, तर ज्याच्या कॅलेंडरात ती आहे त्याने स्वतः उघडून 'शो ॲज' फ्री करून सेव्ह करावं. बाण लगेच गेला नाही तर थोडं थांबा, कॅलेंडरातला बदल टीम्सपर्यंत पोचायला वेळ लागतो.

---

प्रतिसाद: दोरीचा_फोन

मुदत बदलल्यावर फोन एकेक करून रीबूट करा. सगळे एकदम केले तर सगळ्या वर्गण्या त्याच सेकंदाला सुरू होतात आणि नूतनीकरणही एकाच वेळी येत राहतं. दोन फोनांमध्ये मिनिटभर जाऊ द्या.